बिनगिलाव्याची भिंत

हुसेनमियाँचं एकतीस वर्षांचं एकच दुखणं होतं. त्यांनी केलेलं काहीही दिसत नव्हतं. रियाधमध्ये त्यांनी इतक्या भिंती उठवल्या होत्या, की एकापुढे एक लावल्या तर थेट कोकणात, त्यांच्या म्हसळ्याला पोचतील, निदान ते तरी तसं सांगायचे. पण इथली रीतच अशी, की गवंड्यानं थापी धुवायच्या आत गिलाव्याची टोळी दारात उभी. भिंतीवर सिमेंटचा शिंतोडा, त्यावर गिलावा, आणि त्यावर पिवळट दगडाच्या फरश्या नाहीतर काच. मग ओळंबा लावून सरळ केलेली ती भिंत सरळ आहे की वाकडी, हे एक अल्लाला ठाऊक आणि एक हुसेनमियाँना.

हे दुखणं त्यांनी गुपचूप सोसलंही असतं. पण थोरल्या मुलानं, शारीकनं, आईला तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर रियाधला आणलं आणि सगळा घोटाळा झाला. पहिल्याच शुक्रवारी शारीकनं दोघांना गाडीत घालून शहर फिरवलं. हुसेनमियाँ पुढच्या सीटवरून हात बाहेर काढकाढून दाखवत होते, ही माझी, ती माझी, त्या बँकेचे खालचे सहा मजले माझे. मागं बसलेली सकिना काचेवर नाक टेकवून बघत होती.

"ही काच तुमी लावलीत?" तिनं विचारलं.

काच नाही, काचेच्या मागची भिंत, असं हुसेनमियाँनी समजावलं. सकिनानं ती इमारत मागं पडेपर्यंत मान वळवून पाहिली आणि म्हणाली, "बरा. तुमी सांगताय म्हणजे असंल."

आता बघा, ही बाई काही अशीतशी नव्हती. नवरा इकडे परक्यांच्या भिंती बांधत असताना तिनं गावाकडचं घर एकटीनं उभं केलं होतं, जोत्यापासून कौलापर्यंत. भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन गवंड्यांच्या पाठीशी उभी राहायची. चिरा अर्धं बोट जरी पुढं आला तरी तो काढायला लावायची. गावात गवंडी तिला इतके टरकून असत, की दुसऱ्याच्या कामावरही ती रस्त्यानं जाताना दिसली तर दोरी नीट ताणून घेत. अशा बाईच्या तोंडून आलेलं ते 'असंल' हुसेनमियाँच्या काळजात रुतलं. हिला आपली एक तरी भिंत उघडी दाखवायची, तीन महिन्यांच्या आत दाखवायची, नाहीतर थापी खाली ठेवायची, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

आणि गंमत म्हणजे पंधराच दिवसांत तसं काम चालून आलं.

नबील नावाचा एक सौदी, चाळिशीचा, पैशानं आणि स्वभावानं मोकळा. हा विद्यार्थी असताना इंग्लंडात एका जुन्या विटांच्या घरात वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्यानं राहिलेला. तिकडून लोक डिग्री आणतात, कोणी बायको आणतो, हा त्या घराचं वेड घेऊन आला. वीस वर्षं ते वेड त्यानं जपलं आणि शेवटी रियाधच्या उत्तरेला जागा घेऊन जाहीर केलं, की मला तसंच घर हवं. हुबेहूब. आजूबाजूला सगळ्या उंच कुंपणांच्या, पिवळट, गपगार कोठ्या, आणि मधे हे लाल विटांचं इंग्रजी घर. शेजाऱ्यांनी आधी कुतूहलानं विचारपूस केली, मग विचारायचं सोडून दिलं.

त्याचं ड्रॉइंग केलं शिवांगीनं. काँक्रीटचा सांगाडा आणि जिने उभे होते, उरली होती ती दर्शनी भिंत. ही नाशिकची आर्किटेक्ट, नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीपायी रियाधला आलेली आणि दोन वर्षं घरी बसून कंटाळल्यावर इथल्या एका ऑफिसात लागलेली. इंग्लंडच्या गादीवर जॉर्ज नावाचे राजे एकापाठोपाठ एक बसले, त्या काळातली ही घरं, म्हणून जॉर्जियन म्हणतात, असं तिनं हुसेनमियाँना सांगितलं. दर्शनी भिंत सपाट, ना सज्जा ना नक्षी. प्रत्येक मजल्याला तीन खिडक्या, अगदी एकाखाली एक. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यात उंच, आणि वरच्या मजल्यावरच्या ठेंगण्या. हुसेनमियाँना वाटलं माप चुकलं. शिवांगी म्हणाली, चुकलं नाही, पाहुण्यांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर असायचा म्हणून तिथं ऐट, आणि माळ्यावर नोकर झोपायचे म्हणून तिथं काटकसर. खिडक्यांच्या झडपा दारासारख्या उघडायच्या नाहीत, वर-खाली सरकायच्या. दारावर अर्धगोल काच, तिच्यात उघडलेल्या पंख्यासारख्या काड्या. हुसेनमियाँ सगळं ऐकत होते, पण त्यांचा जीव एकाच प्रश्नात अडकला होता.

"गिलावा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"गिलावा नाही, चाचा. विटा अशाच दिसणार, कायमच्या."

हुसेनमियाँनी हे तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा शिवांगीनं कागदावर लिहून दिलं.

त्या दिवसापासून माणसाचं वयच कमी झालं. अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ सकाळी दाढी विंचरून, अत्तर लावून कामावर जायला लागला. विटा शहराच्या अल सुलै भागातल्या एका गोदामात उतरल्या होत्या, तर तिथं जाऊन हे एकेक वीट कानाशी धरून टिचकी मारून बघणार, खणखणली तर इकडे, भदभदली तर तिकडे. गोदामवाल्यानं दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच टिचक्या मारायला बसला. वेड लागतं ते असं.

विटांची रचनाही त्यांना भारी आवडली. एक वीट लांब, तिच्या शेजारी एक आखूड, परत लांब, परत आखूड. वरच्या थरात आखूड नेमकी खालच्या लांबच्या मध्यावर. बघणाऱ्याला भिंत विणल्यासारखी दिसते. आणि खिडकीच्या डोक्यावर तर कमालच. तिथं कमान, पण सपाट. प्रत्येक वीट घासून पाचरीसारखी करायची, एकीचा उतार दुसरीला नाही, आणि सगळ्या मिळून एकमेकींवर रेललेल्या. मधला सांधा विडीच्या पानाएवढा बारीक. अकरा दिवस हुसेनमियाँ मांडी घालून विटा घासत बसले. लाल धुळीनं भुवया रंगल्या, घरी आल्यावर सकिना त्यांना न्हाणीत ढकलायची आणि विचारायची, करताय तरी काय? ते गालात हसायचे. पुरं झालं की दाखवीन, म्हणायचे. मोबाईलवर फोटो काढून दाखवणं काही अवघड नव्हतं, पण फोटो बघून ही बाई परत 'असंल' म्हणाली तर? नकोच ते.

आता एवढ्या आनंदात माणूस एखादी चूक करतोच. हुसेनमियाँनीही केली.

पहिल्या मजल्यावरच्या तीन उंच खिडक्यांपैकी डावीकडच्या खिडकीत ड्रॉइंगमधे तिरप्या रेघा मारल्या होत्या. त्याचा अर्थ असा, की ही खिडकी खोटी. कमान खरी, उंबरा खरा, पण आत काच नाही, विटाच. कारण मागं कपाटांची खोली येत होती आणि बाहेरून तर तीनची ओळ जुळायला हवी. इंग्लंडात हे सर्रास चालायचं. पण रियाधच्या कामांवर खिडकी तात्पुरती बुजवायची रीत वेगळीच आहे. चौकट यायला उशीर असेल तर धूळ आणि मांजरं आत येऊ नयेत म्हणून ते भोक सिमेंटशिवाय, नुसत्या रचलेल्या विटांनी बंद करतात. सुतार आला की तासाभरात काढून टाकतो. हुसेनमियाँनी तिरप्या रेघा बघितल्या आणि समजले, हिची चौकट मागाहून येणार. शिवांगीला विचारायचं? एकतीस वर्षं थापी धरलेला मिस्त्री कालच्या पोरीला रेघांचा अर्थ विचारणार? छे.

म्हणून त्यांनी ती खिडकी कोरडी रचली. फक्त हात खोटं काम करायला तयार होईना, म्हणून रचलीसुद्धा बाकीच्या भिंतीसारखीच, लांब-आखूड, आणि सांध्यांत ओली वाळू दाबून वरून अशी काही सारखी केली, की शिवांगी खाली उभी राहून म्हणाली, चाचा, ही तर सगळ्यात सुंदर झालीय. हुसेनमियाँना वाटलं, तात्पुरत्या कामाचंही कौतुक करते, गुणाची पोर आहे.

भिंत पुरी झाली. पायाड उतरवायला एकच दिवस उरला. सकिनाच्या व्हिसाचे बारा. सगळं कसं गणितासारखं जुळत होतं, आणि तेवढ्यात नबीलची आई परतली.

तिला सगळे उम्म नबील म्हणायचे, नबीलची आई. इथं बाईला थोरल्या मुलाच्या नावानंच हाक मारतात. ती सहा महिने धाहरानला मुलीकडे बाळंतपणाला गेली होती आणि तिच्या माघारी मुलानं काय उठवलंय हे तिनं पाहिलंच नव्हतं. गाडीतूनच तिनं वर पाहिलं. पहिला मजला तिचा. रस्त्याकडं तोंड करून दाराएवढाल्या उंच खिडक्या. सगळा रस्ता माझ्या खोलीत येऊन बसणार, ती म्हणाली. नबीलनं पडद्यांचं नाव काढलं तेव्हा तिनं विचारलं, की भर दिवसा पडदे ओढून मी तंबूत बसल्यासारखी बसू का? धंद्यात कोणाचं न ऐकणारा नबील आईपुढे नमला. संध्याकाळी निर्णय झाला. दर्शनी खिडक्या बुजवायच्या, आणि नव्या-जुन्या विटांची ठिगळं दिसू नयेत म्हणून सगळ्या भिंतीला गिलावा मारून शेजाऱ्यांसारखा पिवळट रंग द्यायचा. गिलाव्याचा मुकादम वहाब उद्या सकाळी दहाला टोळी घेऊन येणार. खलास.

शिवांगीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा हुसेनमियाँ मुलाच्या घरी जेवायला बसले होते. हात ताटातच राहिला. त्यांना रडूच आलं, खोटं कशाला सांगा. सकिनानं विचारलं, घास अडकला का? ते म्हणाले, हो. मग त्यांनी गॅलरीत जाऊन शिवांगीला परत फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मॅडमपुढे अजिजी केली. दहाच्या आत, फक्त पाच मिनिटं, माझ्या बायकोला भिंत दाखवू द्या.  शिवांगी म्हणाली, आठला आणा. रस्त्यावर मालाच्या गाड्या असतील, शारीकला सांगा मागच्या गल्लीत बायकांच्या दारापाशी सोडायला, मी त्यांना पुढे घेऊन येते.

ठरलं तर असं. पण झालं काय, ते ऐका.

हुसेनमियाँ सातलाच हजर झाले. रस्त्यात उभं राहून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. पायाड उतरलेलं होतं, पुढं फक्त गिलाव्यासाठी आणलेला चाकांचा लोखंडी मंच उभा. सकाळचं ऊन विटांवर तिरपं पडलं होतं आणि एकेक आखूड वीट उठून दिसत होती. आठ वाजायला पंधरा मिनिटं असताना वहाब आला. दहाचा माणूस पावणेआठला आला, कारण दुपारी त्याला दुसरीकडे जायचं होतं. यल्ला, म्हणजे चला, म्हणत त्यानं सिमेंट कालवायला घेतलं. आणि त्याच वेळी मागच्या दारानं उम्म नबीलही आली, गिलावा नीट होतो की नाही बघायला, सोबत गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास, खजुराचा डबा आणि गालिचा घेऊन.

आठला सकिना मागच्या दारातून आत शिरली आणि सरळ उम्म नबीलच्या तावडीत सापडली.

घरात आलेल्या बाईला गहवा न पाजता सोडायचं, हे उम्म नबीलच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. पण या बाईला अरबी येत नाही, त्या बाईला मराठी नाही. रिकाम्या दिवाणखान्यात, सिमेंटच्या पोत्यांच्या मधे, दोघी गालिच्यावर बसल्या. वेलचीचा तो फिका, कडवट गहवा बोटाएवढ्या पेल्यात. सकिनानं बिसमिल्ला म्हणून संपवला आणि पेला अदबीनं परत दिला. तिला काय माहीत, की पुरे म्हणायचं असेल तर पेला हातात हलवून दाखवायचा असतो. न हलवता दिला म्हणजे अजून हवा. उम्म नबीलनं भरून दिला. सकिनाला वाटलं नाही म्हणणं बरं दिसत नाही. तिनं प्यायला, परत दिला. परत भरला. शिवांगी दोनदा बोलवायला आली आणि दोन्ही वेळा तिच्याही हातात पेला आला. तिला खूण ठाऊक होती, पण सकिनाचा पेला तिनं कसा हलवायचा?

बाहेर हुसेनमियाँच्या पायाखालची जमीन तापली होती. दाराकडं बघायचे, घड्याळाकडं बघायचे, वहाबकडं बघायचे. वहाबनं पहिली थापी उचलली तेव्हा त्यांनी पुढं होऊन हात धरला. ही वीट इंग्रजी आहे, म्हणाले, फार पाणी पिते, आधी न भिजवता गिलावा मारलास तर उद्या पापडासारखा सुटेल. हे बोलणं अर्धं खरं होतं. वहाब म्हणाला, मारा पाणी. मग हुसेनमियाँनी नळी हातात घेतली आणि भिंतीला पाणी मारायला सुरुवात केली, एकेका विटेला, ओळीनं, चुकून एखादी राहायला नको. तळापासून वर. दाराच्या उंबऱ्याला दोनदा. वहाबची टोळी घमेली उलटी घालून त्यांवर बसली. भिंत ओली झाली तशी अशी काही लालबुंद दिसायला लागली, की वहाबसुद्धा म्हणाला, मियाँ, झाकायला जीव होत नाही.

"मग नको झाकू," हुसेनमियाँ म्हणाले.

"हुकूम आहे," वहाब म्हणाला आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते. अजून दहा मिनिटं देतो, म्हणाला.

तेरा पेले झाल्यावर आत सकिनाच्या पोटात गहव्याचा समुद्र झाला होता. ती उठून उभी राहिली, आणि उम्म नबीलला वाटलं, पाहुणीला घर बघायचंय. तिनं सकिनाचा हात धरला आणि जिन्यानं वर नेलं. शिवांगी मागून बोलत राहिली, पण दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून चालल्या असल्या की मधे कोणाचं काही चालत नाही. उम्म नबीलनं आपली खोली दाखवली, त्या उंच खिडक्यांकडे बोट करून कपाळावर हात मारून घेतला. मग कपाटांची खोली दाखवली. तिथं अंधार. समोर खिडकीच्या जागी विटा.

सकिनानं सवयीनं विटांवर पोरानं पाटीवर फिरवावा तसा हात फिरवला. हाताला वाळू लागली. तिनं बोटानं सांधा उकरला, सगळी वाळू भुरभुरली. अस्सल चिरेबंदी घर बांधून घेतलेली बाई ती. आपला नवरा सिमेंट न घालता भिंती उठवतो की काय, या विचारानं तिचं डोकंच फिरलं. एक आखूड वीट तिनं दोन बोटांत धरली, डावी-उजवी हलवली, आणि ओढली. वीट हातात आली.

त्या भोकातून उजेडाची एक लांबडी पट्टी आत पडली आणि उम्म नबीलच्या अंगावर आली. सकिनानं डोळा लावला. खाली रस्त्यात तिचा नवरा, नळी हातात, भिंतीला आंघोळ घालत होता. तिला इतकं हसू आलं, की तिनं उम्म नबीललाच पुढं ओढलं. उम्म नबीलनं डोळा लावला. बराच वेळ ती रस्ता बघत राहिली. मग तिनंही एक आखूड वीट हलवली आणि ओढली.

खाली हुसेनमियाँच्या कपाळावर वाळूचे कण पडले. त्यांनी वर पाहिलं. आपल्या सगळ्यात सुंदर खिडकीत दोन भोकं. बघता बघता तिसरं पडलं, त्यातून सोन्याच्या बांगड्यांचा हात बाहेर आला, हवेत हलला आणि परत आत गेला. वहाबनं तोंडावर हात ठेवला. त्याच वेळी नबीलची गाडी येऊन थांबली. तो उतरतो न उतरतो तोच भिंतीतून आईचा आवाज आला, नबील, मी दिसते का?

नबीलनं सगळीकडे पाहिलं. नाही म्हणाला.

पलीकडच्या फुटपाथवर जा, भिंत म्हणाली. तो गेला. आता? आताही नाही. डावीकडं सरक. नाही. मला तू दिसतोस, भिंत म्हणाली, तुझी चप्पल दिसते, शेजाऱ्याची नवी गाडी दिसते, त्याच्या पाहुण्याचीही दिसते, आणि मी कोणालाच दिसत नाही? नाही, आई. मग आत दोन म्हाताऱ्यांचं असं हसणं ऐकू आलं, की सगळी टोळी घमेल्यांवरून उठून उभी राहिली. विटा भराभर आत ओढल्या जायला लागल्या. एक, दोन, पाच.

 कोरडी रचलेली भिंत, वर अकरा थरांचा भार, आणि आत सकिना. नळी टाकून हुसेनमियाँ चार ढांगांत खिडकीखाली आले आणि वर बघत गवंड्याच्या डोळ्यांनी हिशोब करायला लागले. आखूड गेली, तिच्यावरची लांब टेकलीय कशावर? दोन्ही अंगांच्या लांब विटांच्या टोकांवर. तिच्यावरची? तशीच. अरे, ही तर उभी राहतेय. आखूड विटा फक्त भर घालत होत्या, भार सगळा लांब विटांच्या खांद्यावर. ही भिंत नव्हतीच, ही जाळी होती, आखूड विटा काढायच्या तेवढ्या बाकी होत्या.

"सकिना," ते ओरडले, "लांब विटेला हात लावू नकोस. आखूडच काढ, फक्त आखूड."

"कळतंय मला," भिंत मराठीत म्हणाली. "तुमी सिमेंट का नाय घातलात ते आदी सांगा."

शिवांगी धावत खाली आली आणि तिनंही तेच विचारलं. ही खिडकी खोटी होती, कायमची बंद, पक्की बांधायची होती. हुसेनमियाँनी तिरप्या रेघांचा आपण लावलेला अर्थ सांगितला. आणि खरा अर्थ ऐकल्यावर ते तिच्याकडं बघतच राहिले. माणसं मुद्दाम खिडकी बांधून ती मुद्दाम बुजवतात, आणि का, तर ओळीत दिसावी म्हणून? इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य तरी कसं केलं, असं ते म्हणाले आणि शिवांगी रस्त्यातच पोट धरून हसायला लागली.

उम्म नबील खाली आली ती धुळीनं माखलेली, हातात अर्धी वीट. सगळ्या खिडक्यांपुढे अशीच जाळी हवी, असं तिनं सांगितलं. नबीलनं शेवटचा प्रयत्न केला. इंग्लंडात अशा खिडक्या कुठं नसतात, तो म्हणाला.

"मी इंग्लंडात राहत नाही," आई म्हणाली.

शिवांगीनं मग त्याला हळूच समजावलं, की कमानी त्याच राहतील, दार तेच, सरकत्या काचाही जाळीच्या मागं तशाच. काच वर सरकवली की वारा आत. आणि जाळी म्हणजे तरी काय, तीच विटांची वीण, एक आड एक सोडलेली. नबीलनं भिंतीकडं पाहिलं, जाळीकडं पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आणि गिलावा? वहाबनं विचारलं. उम्म नबील म्हणाली, आता कशाला, झाकायचं काय आहे? वहाबनं कालवलेलं सिमेंट शेजाऱ्याच्या कुंपणाच्या डागडुजीला लावून टाकलं आणि टोळी गाडीत चढवली. पण स्वतः तो गेला नाही, घमेल्यावर बसून राहिला. त्यालाही पुढचं बघायचं होतं.

कारण मागच्या दारानं गेलेली सकिना आता पहिल्यांदा पुढच्या दारानं बाहेर येत होती.

त्या पंख्याच्या काचेखालून ती पायरी उतरली, रस्ता ओलांडला आणि वळली. हुसेनमियाँ नळीच्या पाण्यात उभे होते. पाय ओले झालेत हेही त्यांना कळत नव्हतं. सकिनानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग भिंतीजवळ गेली, गाल विटांना जवळजवळ टेकवून एक डोळा मिटला आणि दोरी लावल्यासारखी सगळी लांबी न्याहाळली. या टोकाकडून त्या टोकाकडे चालत गेली. खिडकीच्या सपाट कमानीखाली थांबली, मान वर करून सांधे बघितले. हात लावला.  हुसेनमियाँच्या मनात आलं, आता ही काहीही म्हणाली तरी चालेल, फक्त ते एक सोडून.

दाराच्या उजव्या अंगाला, कंबरेएवढ्या उंचीवर, सकिनाचं बोट थांबलं.

"ही वीट वाकडी लागली हाय," ती म्हणाली.

हुसेनमियाँ पुढं झाले, वाकले, चष्मा पुसला. वीट वाकडी होती. गव्हाच्या दाण्याएवढी, पण वाकडी. शिवांगीला दिसली नव्हती, नबीलला दिसली नव्हती, त्यांना स्वतःला दिसली नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची चूक कोणीतरी पकडली होती, कारण एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची भिंत कोणीतरी बघत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तोंड मात्र कानापर्यंत हसत होतं.

"बाकीची भिंत तुमचीच, कळतंय ते," सकिना म्हणाली. "ही एक कोणी लावली?"

"मी," हुसेनमियाँ म्हणाले. "तीपण मीच लावली."